साफ केलेलं आकाश

आमच्या घरमालकांची आणि माझी पहिली भेट वीस मिनिटं चालली आणि त्यातली पंधरा मिनिटं मला त्यांचा चेहराच दिसला नाही. मे महिन्यातली भर दुपार होती. बदली होऊन साताऱ्याहून नागपूरला आले त्याला चारच दिवस झाले होते. धरमपेठेत एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली रिकामी आहे, असं टेलिफोन ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलं म्हणून मी विचारायला गेले. उंच, काटकुळ्या माणसानं दार उघडलं आणि मी उन्हातून एकदम काळोखात शिरले. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, दिवे बंद. मी म्हटलं, "वरची खोली पाहायची होती."

"बसा," अंधारातून आवाज आला. "आधी डोळे सरावू द्या. उन्हातून आलेल्या माणसाले काही दिसत नाही, अन् मग तो खोलीले नावं ठेवते."

मी बसले. खाली खुर्ची आहे की पलंग, हेही हातानं चाचपून पाहावं लागलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. स्वयंपाकघरातून बाईचा आवाज आला, "कोण आलं जी?"

"खोली पाहाले आल्या एक बाई."

"मग दाखवा नं."

"डोळे सरावून राहिले त्यांचे."

"सरावू द्या, सरावू द्या. आमचे तर अजून नाही सरावले," आतला आवाज म्हणाला आणि भांडी जरा जोरात वाजली.

मला त्यातलं काही कळलं नाही. पुढे सहा वर्षं मी त्या घरात राहिले आणि त्या नवराबायकोंचं निम्मं बोलणं मला कळलं नाही. ज्या निम्म्याबद्दल मला वाटलं होतं की कळलंय, ते कसं चुकीचं कळलं होतं, तेच इथं सांगायचं आहे.

काकांचं नाव मी लिहीत नाही, आणि गल्लीतही त्यांना कुणी नावानं ओळखत नव्हतं. सगळे त्यांना स्वीडनवाले म्हणत. ते मँगनीजच्या खाणीवर सर्व्हेअर होते. मी राहायला गेले त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी त्यांच्या कंपनीनं त्यांना आणि आणखी एकाला सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी स्वीडनला पाठवलं होतं, तेही तिथल्या पार उत्तरेच्या टोकाला, एका लोखंडाच्या खाणीवर. तोवर ह्या गृहस्थानं पाहिलेली सगळ्यांत थंड जागा म्हणजे पचमढी. तिथून परत आले ते काही सवयी घेऊन आले. संध्याकाळी गच्चीवर जाताना लोकरीची टोपी घालत, ती मे महिन्यातसुद्धा. बिनदुधाची कॉफी पीत आणि पिताना तोंड वाकडं करत, म्हणजे आवडत नसणार. डांबरी रस्त्यावरून चालताना पाय न उचलता सरकवत चालत, कारण बर्फावर तसंच चालावं लागतं. आता बर्फ कुठे आहे, असं विचारलं तर म्हणत, "शिकाले तीन महिने लागले. आता सोडून कायले देऊ?"

आणि डोळे सरावू देणं. ते तर प्रत्येक गोष्टीला. संत्री घ्यायला गेले की ढिगासमोर नुसतेच उभे राहत. संत्रेवाला शेवटी म्हणे, "काका, संत्री घेऊन राहिले का दर्शन घेऊन राहिले?" एकदा मला पाहायला वर्ध्याहून एक मुलगा आला. माझ्या घरचं वडीलधारं माणूस कुणी नागपुरात नव्हतं म्हणून काका मध्ये बसले होते. मी पोहे घेऊन बाहेर आले तर हे त्या मुलाला सांगत होते, "घाई नका करू. वीस मिनिटं तिच्याकडे पाहूच नका. मग पाहा." मुलानं वीस मिनिटं पोह्यांकडे पाहिलं. नंतर त्यांच्याकडून काही निरोप आला नाही आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही.

रात्रीचं जेवण झालं की काका गच्चीवर जात. तिथं उत्तरेला तोंड करून एक लोखंडी खुर्ची कायमची मांडलेली होती. शेजारी सर्व्हेची लाकडी तिपाई, त्यावर स्वीडनमध्ये जुना घेतलेला, भात्यासारखा उघडणारा कॅमेरा. गच्चीचा उतार चुकला होता, त्यामुळे पावसाचं पाणी नेमकं त्या उत्तरेच्या कोपऱ्यात साचे आणि पावसाळ्यात काका पाय वर घेऊन बसत. "मी असतो तर असा उतार होऊ दिला नसता," ते म्हणत. हे खाली ऐकू गेलं की काकू खालूनच विचारत, "मग काहून नव्हते?" ह्यावर काका टोपी कानांवर ओढून घेत.

काय पाहता, असं मी पहिल्या आठवड्यातच विचारलं होतं. त्यांनी मला खाली चटईवर बसवलं आणि सांगितलं. तिकडे थंडीत आकाशात उजेड येतो. चंद्राचा नाही, कशाचाच नाही. हिरवा. "आभाळात कोणी लुगडं वाळत घालावं अन् वारा सुटावा, तसं. नुसतं हलत राहते. आवाज नाही, काही नाही. पहिल्यांदा पाह्यलं तेव्हा मी खाणीतून वर आलो होतो. वाटलं, खाणीतच मेलो आपण अन् हे मेल्यानंतरचं दिसून राहिलं."

"आणि ते नागपुरात दिसतं?"

"नाही दिसत."

"मग?"

"दिसत नाही म्हणून इथं कोणी पाहातच नाही. शंभर वर्षांमागं एकदा पार मुंबईपर्यंत दिसलं होतं म्हणतात. मुंबई तर आपल्याही खाली आहे. त्या दिवशी नागपूरच्या लोकायनं वर पाह्यलं होतं का? झोपले असतील सारे."

मी चटईवर बसून उत्तरेकडे पाहिलं. सेमिनरी हिलची काळी कड दिसली आणि तिच्यावर नेहमीचे तारे दिसले. काकांनी तेवढ्यात कॅमेऱ्याची कळ दाबून धरली आणि एकोणतिसाचा पाढा म्हणायला लागले. तारे किंवा असा उजेड टिपायचा तर भिंग बराच वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि एकोणतिसाचा पाढा त्यांच्या चालीवर बरोबर अर्धा मिनिट चालतो, असा त्यांचा हिशेब होता. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद झालं की कळ सोडत. तिसाचा का नाही, असं मी विचारलं. तर म्हणे तो सोपा आहे, भराभर म्हणून होतो.

एकदा मात्र त्यांनी सगळी गल्ली वर बोलावली. ऐन उन्हाळ्यातली संध्याकाळ, नुकताच अंधार पडलेला, आणि टेकडीच्या वर खरोखरच आकाश तांबूस झालं होतं. काका जिन्यावरून चपला न घालता धावत गेले आणि घरोघरी दारं वाजवली. वीस-पंचवीस माणसं गच्चीवर जमली. काकांनी सगळ्यांना ओळीनं खाली बसवलं आणि कुणी बोलायचं नाही, डोळे सरावू द्यायचे, असं बजावलं. सगळे खरोखर गप्प बसले. त्या माणसाच्या आवाजात तसं काही तरी होतं. दहा-बारा मिनिटांनी वारा फिरला आणि जळक्या गवताचा वास आला.

"काय गा स्वीडनवाले," समोरच्या घरातले वकील उठता उठता म्हणाले, "टेकडीवर गवत पेटून राहिलं, अन् तुम्ही आम्हाले वणवा दाखवाले वर बोलावलं."

लोक हसत खाली गेले. काका तिपाई आवरत होते. काकू तेवढ्या वर आल्या नव्हत्या. मी ह्या घरात आल्यापासून रात्रीच्या वेळी काकू कधी गच्चीवर गेलेल्या मी पाहिल्याच नव्हत्या. दिवसा कुरडया घालायला जात, आणि त्या काकांच्या खुर्चीवरच कापड अंथरून घालत.

कारण मला काकूंनीच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. स्वीडनचे सहा महिने दिवाळीला संपत होते. काकांबरोबर गेलेला दुसरा माणूस दिवाळीला घरी आला. काका होळीला आले. मधल्या काळात त्यांनी पत्र लिहिलं होतं की कंपनीनंच थांबवलं आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवात त्या दुसऱ्याच्या बायकोनं काकूंना सगळ्या बायकांसमोर विचारलं, "तुमचे अजून काहून नाही आले जी? आमच्या ह्यायले तर कंपनीनं दोघांची तिकिटं दिली होती."

"अन् तेव्हा ह्या घराचं काम चालू होतं," काकू म्हणाल्या. "ह्या डोक्यावरचा स्लॅब मी टाकला. वीस मजूर अन् मी एकटी. थंडीत पहाटे उठून पाणी मारत होती मी त्याच्यावर. मिस्त्री विचारे, मालक कधी येते? मी काय सांगू त्याले?"

"मग काका का थांबले होते?"

"ते म्हणतात, आकाश पाहाले." काकूंनी तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. "लोक म्हणतात, बाई होती."

"आणि तुम्ही?"

"असन," एवढंच त्या म्हणाल्या.

काकांचं म्हणणं वेगळं, आणि ते त्यांनी गच्चीवर सांगितलं. त्यांनी त्या उजेडाचे फोटो काढले ते सगळे वाया गेले होते. थंडीनं फिल्म तडकली, कधी भिंगावर वाफ धरली. घरी जाऊन सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार म्हणून ते थांबले, एक तरी फोटो न्यायचा म्हणून. खोटं पत्र लिहिलं ही चूक झाली, ते त्यांनी कबूल केलं. शेवटी एक फोटो आला. ज्या म्हातारीच्या घरी ते राहत होते तिला दारासमोर उभं केलं, हलू नका म्हणून खुणेनं सांगितलं आणि एकोणतिसाचा पाढा सुरू केला. म्हातारीला वाटलं हा देवाचं काही तरी म्हणतोय, म्हणून तिनं हात जोडले. फोटोत ती तशीच आली, वर सगळा उजेड.

"मग दाखवा ना मला."

"नाही आता. चार बोटांएवढा फोटो होता. आल्या दिवशी हिच्या हातात दिला. हिनं न पाहताच आंघोळीच्या बंबात टाकला." जिन्याकडे एकदा पाहून ते म्हणाले, "निगेटिव्ह आहे. पेटीत तळाशी ठेवली. ते हिले माहीत नाही."

मी सकाळी काकूंच्या बाजूची असे आणि रात्री काकांच्या. हा माणूस खोटं बोलत असेल असं त्याच्याकडे पाहून वाटत नसे, पण खोटं पत्र तर त्यानं लिहिलं होतं. आणि चार महिने, बांधकाम अर्धं टाकून, नुसत्या उजेडासाठी कुणी थांबेल, हेही माझ्या गळी उतरत नव्हतं.

मी तिथं राहायला लागून चौथं वर्ष असेल, तेव्हा काकूंचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेल्यासारखे झाले. धंतोलीतल्या एका दवाखान्यात एकामागून एक दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्या काळी नंतर महिना-दीड महिना थांबून जाड भिंगाचा चष्मा मिळे. त्या दिवसांत काका अगदी वेगळे झाले. काकूंच्या डोळ्यांत थेंब घालत, हाताला धरून न्हाणीघरापर्यंत नेत, आणि सारखं काही तरी मनात मांडत असल्यासारखे दिसत. एक दिवस त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि एक पाकीट हातात दिलं.

"तिचे डोळे नवे झाले," ते म्हणाले. "आता ती पाहीन तर पहिल्यांदाच पाहीन. हा मोठा करून आणा. फ्रेमसुद्धा. मी गेलो तर स्टुडिओवाले हसतात मले."

मी बर्डीवर, बाजारातल्या एका स्टुडिओत गेले. वाटेत पाकिटातून निगेटिव्ह काढून आकाशाकडे धरून पाहिली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, उजेड असतो तिथं काळं. फिकट आकाशात काळे ओघळ होते आणि खाली काळ्या तोंडाचं एक माणूस. मला तर ते डागच वाटले, पण मला त्यातलं काय कळतंय म्हणून मी ती परत पाकिटात घातली. काउंटरवरच्या माणसानं चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं, "बारा बाय पंधरा? पूर्ण काम करायचं नं?"

अर्धं काम कशाला करायचं? मी म्हटलं, "हो, पूर्ण." बाकी काही सांगावं हे मला सुचलं नाही. हा माझा गुन्हा, आणि तो मी अजून विसरलेली नाही.

काकूंचा चष्मा आला त्या दिवशी संध्याकाळी मी फ्रेम घेऊन आले. स्टुडिओवाल्यानं ती वर्तमानपत्रात बांधून, सुतळी घट्ट आवळून दिली होती, आणि मीही उघडली नाही. काकांनीच उघडावी असं मला वाटलं. काकांनी काकूंना खुर्चीवर बसवलं, दिवा बंद केला आणि डोळे सरावू द्यायला सांगितलं. काकू एरवी ह्या प्रकाराला फटकन काही तरी बोलल्या असत्या. त्या दिवशी मुकाट्यानं वीस मिनिटं बसल्या. मग काकांनी दिवा लावला, सुतळी कापली, कागद बाजूला केला आणि फ्रेम न पाहताच काकूंच्या मांडीवर ठेवली.

फ्रेममध्ये एक तरुण बाई होती. गुळगुळीत गाल, नितळ कपाळ, जोडलेले नाजूक हात. मागे आकाश एकसारखं, धुतल्या पाटीसारखं स्वच्छ. त्यात काही म्हणजे काही नव्हतं.

काकांनी वाकून पाहिलं. फ्रेम उचलून दिव्याखाली नेली, उलटी करून मागचा पुठ्ठा पाहिला, परत सुलटी केली. "हे नाही," ते म्हणाले. "हे माझं नाही."

काकूंनी ती त्यांच्या हातातून परत घेतली आणि नव्या चष्म्यातून बराच वेळ पाहत राहिल्या. "गोरीपान आहे," त्या म्हणाल्या. "वय काय असन? पंचवीस?"

"सत्तर," काका म्हणाले. "सत्तर होतं तिचं वय."

ते ऐकून मलाच खाली पाहावंसं वाटलं. काकू उठून आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

त्यानंतर काका गच्चीवर जायचे थांबले. टोपी खुंटीला राहिली. चार-पाच दिवसांनी मी ऑफिसातून आले तर ते जिन्याच्या पायरीवर बसलेले. "तुम्ही पाह्यली होती नं निगेटिव्ह," त्यांनी विचारलं. "होत्या नं रेघा?"

"काही तरी होतं, काका. काळं काळं. मला डाग वाटले."

"डाग," ते म्हणाले. "दहा-पंधरा वर्षं झाली. मी पाह्यलं होतं, का सांगून सांगून मलेच वाटाले लागलं, आता मले समजून नाही राहिलं." एवढं बोलून ते सरकत सरकत आत गेले. त्यांना बायकोनं खोटं ठरवलं ते मी चार वर्षं पाहत होते, पण ते स्वतःलाच खोटं ठरवायला लागले हे मला पाहवेना. रात्रभर मला झोप लागली नाही आणि सकाळी सुट्टी टाकून मी स्टुडिओ गाठला.

काउंटरवरच्यानं सांगितलं, "पूर्ण काम म्हणजे रिटचिंग. मागे बसतात ते करतात." मागच्या खोलीत खिडकीपाशी एक म्हाताऱ्यांतच जमा होणारे गृहस्थ तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवून, बारीक टोकाच्या पेन्सिलीनं काम करत होते. लग्नाच्या मुलींचे देवीचे व्रण काढण्यात त्यांचा हात साऱ्या बर्डीवर प्रसिद्ध होता. पेन्सिलीनं सुरकुत्या आणि व्रण भरायचे, काळे डाग असतील ते पात्यानं हळू हळू खरवडायचे आणि औषधाच्या बोळ्यानं सारखं करायचं, ही त्यांची रीत, आणि हे सगळं मूळ निगेटिव्हवरच. मी सगळी हकीगत सांगितली. स्वीडन, हिरवा उजेड, म्हातारी, संशय, जिन्यातली पायरी. ते ऐकत होते आणि ऐकता ऐकता त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मी येतो," ते म्हणाले. "मले घेऊन चला."

रिक्षातून आम्ही घरी आलो. काका-काकू दोघंही पुढच्या खोलीत होते. म्हातारबुवांनी हात जोडले आणि उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. "जी, काम माझं. मले वाटलं धुताना खराब झाली. आता ताईनं सांगितलं तेव्हा ध्यानात आलं. डागाले कडा राहते. ह्याले कडा नव्हती. वरून खाली लांब लांब होतं, पडद्यासारखं. तीन दिवस खरवडलं मी, तेव्हा गेलं."

"अन् बाई?" काकूंनी विचारलं.

"म्हातारी होती जी. चेहऱ्यावर जागा नव्हती सुरकुत्यायले. दोन पेन्सिली झिजवल्या तिच्यावर."

काकू त्यांच्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी काकांकडे पाहिलं. काका भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मला वाटतं ते पाढा म्हणत होते. काकू उठल्या. "कडा नव्हती," त्या म्हणाल्या. "ऐकलं का जी? कडा नव्हती म्हणतात हे. बसा आता, जेवूनच जा."

जेवण झाल्यावर मी म्हातारबुवांना सोडायला चौकापर्यंत गेले. मला त्यांचे पाय धरावेसे वाटत होते. मी तसं म्हटलंही. ते संकोचून हसले.

"खरं सांगू का ताई? मले काहीच याद नाही. दिवसाले वीस-पंचवीस चेहरे करतो मी. कोणाचं आकाश अन् कोणाची म्हातारी, काय ध्यानात राहते? पण माझ्याच हातानं झालं असन नं."

ते गेले. मी चौकात उभी राहिले. म्हणजे पुन्हा होते तिथंच. रेघा होत्या की डाग, बाई म्हातारी की तरुण, काकांचं खरं की लोकांचं. मी घरी आले तर पुढची खोली रिकामी आणि गच्चीवरून बोलण्याचा आवाज. काका दुसरी खुर्ची वर नेत होते, ती जिन्याच्या वळणात अडकली होती, आणि काकू वरून सांगत होत्या, "तिरपी करा, तिरपी." त्या रात्रीपासून दोघं वर बसू लागले. तो फोटो काकूंनी पुढच्या खोलीत टांगला. कुणी विचारलं तर सांगत, "ह्यांची घरमालकीण." गल्लीतल्या लोकांची मोठीच निराशा झाली. मी चौकातलं बोलणं कुणाला सांगितलं नाही.

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं. काका गेल्याचं पत्रानं कळलं. त्यानंतर दोन वर्षांनी नागपूरला जाणं झालं तेव्हा संध्याकाळी काकूंकडे गेले. त्या गच्चीवर होत्या. उत्तरेला तोंड केलेल्या दोन्ही खुर्च्या तशाच होत्या आणि त्यांनी मला काकांच्या खुर्चीवर बसवलं. माझ्या मनावर ते ओझं होतंच. आता काका नाहीत, आता लपवण्यात काय अर्थ, असं वाटून मी चौकातलं सगळं सांगून टाकलं.

काकू मुळीच दचकल्या नाहीत. "मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तो बिचारा बोलत होता तेव्हाच समजलं होतं मले. त्याची नजर तुझ्यावर होती."

"म्हणजे तुम्हाला ते खरं वाटलंच नव्हतं?"

"खरंच होतं वं ते. मी पाह्यला होता नं फोटो."

"तो तर तुम्ही न पाहता बंबात टाकला."

"असं ते म्हणत. न पाहता कोणी टाकते का? न्हाणीत नेऊन पाह्यला चांगला. म्हातारी होती. हात जोडलेले, बोटं साऱ्या सांध्यात वाकडी. अन् वर आकाशात ते. हे लुगडं म्हणत, मले नाही वाटलं लुगडं. खराट्यानं अंगण झाडलं की रेघा उरतात नं मातीत, तशा होत्या साऱ्या आभाळभर. सुंदर होतं." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "मग टाकला."

"मग एवढी वर्षं तुम्ही..."

"सारी गल्ली म्हणे, बाई होती. मी म्हणू दिलं. बाईसाठी माणूस थांबला तर लोकायले समजते, मलेही समजलं असतं. रडली असती, भांडली असती. पण मी इथं स्लॅबवर पाणी मारून राहिली होती, अन् हे तिथं आकाशासाठी थांबले. हे कोणाले सांगू मी? कोण मले बिचारी म्हणन?"

चष्मा परत चढवून त्या म्हणाल्या, "त्या दिवशी भिंतीशी उभे होते नं, तेव्हा त्यांच्या तोंडाकडे पाह्यलं. त्यांनाच खरं वाटेनासं झालं होतं. तेव्हा म्हटलं, पुरे आता. पण मी पाह्यला होता, हे काही सांगता आलं नाही मले. राहून गेलं."

अंधार पडला होता. मी जिन्यातला दिवा लावायला उठले तर त्यांनी हाताला धरून बसवलं. दुपारी पाऊस होऊन गेला होता आणि खुर्च्यांच्या पायांशी पाणी साचलं होतं. दोघींनी पाय वर घेतले.

"उतार चुकलाच होता माझा," काकू उत्तरेकडे पाहत म्हणाल्या.